मंगळवारची गाडी

५ फेब्रुवारी

भुंग्या,

वकीलबाईंनी वर "चिरंजीव" लिहून पुढे बरंच काही लिहायला घेतलं होतं. मी म्हटलं खोडा, तेवढं लिहीपर्यंत पोरगी म्हातारी व्हायची. तुला आशीर्वाद एकच, पण दाबून भरलेला.

परवा तू फोनवर काय सांगत होतीस ते मला काडीचं कळलं नाही. फोनमध्ये मला नुसती माशी ऐकू येते. माशी रडत होती, एवढं मात्र समजलं. तेव्हा जे काय असेल ते कागदावर लिही. बाई वाचून दाखवतील. शेजारच्या इमारतीत राहतात, आयुष्यभर कोर्टात वकिली केली, आता माझी पत्रं लिहितात. पडझड म्हणतात ती हीच. मी एक बोलते आणि त्या त्याचं "सदर" आणि "उपरोक्त" करतात असा मला दाट संशय आहे, पण मला वाचता येत नाही, त्यामुळे खटला उभा राहत नाही.

(आजी जे बोलतात तेच लिहिते. "दाबून भरलेला" हे शब्द माझे असणं शक्य आहे का, ते तूच ठरव. वकीलबाई.)

माझं बरं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दवाखान्याची गाडी येते. लांबू ड्रायव्हर मला हाताला धरून चढवतो आणि माझ्या वजनावर बोलतो, मी त्याच्या उंचीवर बोलते. तिकडे एक मुलगी मला रबराचा पट्टा पायाने ओढायला लावते. गुडघा कुरकुरतो, मीही कुरकुरते, ती कुणाचंच ऐकत नाही. बाईंचाही मंगळवारच असतो, पण त्यांची डोळ्यांच्या दवाखान्याची गाडी वेगळी. महिन्याला एकदा डोळ्यात सुई टोचून घेतात. सांगताना अशा सांगतात की जणू टपाल टाकून आल्या.

पण काल तिथे ऐकलं ते मला आवडलं नाही. नेहमीचे दोघंतिघं आलेच नाहीत. एक बाई भाड्याची गाडी करून धापा टाकत आल्या. सगळे म्हणत होते, कॉम्प्युटरने नावं खाल्ली. त्या गाड्यांचं सगळं माझ्या नातीने केलंय, हे मी तिथे दर खेपेला छाती काढून सांगते. काल खिडकीबाहेर बघत बसले.

काय झालंय गं?

तुझी आजी

११ फेब्रुवारी

प्रिय आजी, आणि वकीलबाई, तुम्हालाही नमस्कार,

माशीला सर्दी झाली होती. थोडी रडतही होती.

सोपं करून सांगते. गाड्यांची वेबसाइट मी कॉलेजात असताना केली. तिच्यात एक स्क्रिप्ट आहे, म्हणजे मी लिहून ठेवलेल्या सूचना. रोज सकाळी ती गल्लीगल्लीने एकेका माणसापाशी थांबते. आज याला न्यायचंय का? वय किती? तान्हं असेल तर बाळाची सीट, फार वय असेल तर खाली येणारी पायरी. हे ठरवून ती नाव ड्रायव्हरच्या फोनवर पाठवते आणि पुढच्या दाराशी जाते. ही स्क्रिप्ट ज्या कॉम्प्युटरवर चालते तो सर्व्हर. त्याच्यावरचं सॉफ्टवेअर इतकं जुनं झालं होतं की कुणीही चोर आत शिरला असता. म्हणून जानेवारीच्या शेवटी नवं घातलं.

आणि सगळं बिनसलं. आधी नुसतं पांढरं पान दिसायला लागलं. मी वापरलेल्या काही आज्ञा नव्या सॉफ्टवेअरमधून काढूनच टाकल्यात, त्या शोधून बदलल्या. पान आलं. आता सोमवारी सगळं सुरळीत, बुधवार गुरुवारही सुरळीत. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र स्क्रिप्ट चालता चालता मध्येच उभी राहते. अर्ध्या लोकांची नावं जातात, अर्ध्यांची नाही. मंगळवारला असं काय सोनं लागलंय ते मला कळत नाही. स्क्रिप्ट चुकली की एका फाइलमध्ये तक्रार लिहिते. ती फाइल कोरी. म्हणजे चूक नाहीच. पण गाडीही नाही!

वर मला खऱ्या लोकांची माहिती बघायची परवानगी नाही. आजारी माणसांची असते ना, बरोबरच आहे. म्हणून मी माझ्या कॉम्प्युटरवर खोटी माणसं तयार केली, त्यांना खोटी दुखणी दिली, खोट्या गल्ल्यांत ठेवलं. ती सगळी शहाण्यासारखी गाडीत जाऊन बसतात.

माझ्या ओळखीचं खरं माणूस एकच, तू. तुझी गाडी येते. म्हणजे स्क्रिप्ट तुझ्या दारापर्यंत नीट पोचते आणि बिघाड तुझ्यापुढे आहे, पुलाच्या बाजूला. मी तिकडचंच शोधतेय.

गाड्या चालवणारं मंडळ तक्रारी मोजतंय. महिनाअखेरपर्यंत नीट झालं नाही तर घरून नेण्याची सोय बंद, ज्याने त्याने आपापलं यायचं, असं अध्यक्षांनी कळवलंय.

तुझा गोंधळलेला
भुंगा

१६ फेब्रुवारी

भुंग्या,

तुझं पत्र बाईंनी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला काही कळलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनाही कळलं नाही, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

जुनं सॉफ्टवेअर चालत होतं ना? मग माझ्या डोक्यात हिशेब असा बसला. जुनं म्हणजे तुझे आजोबा. भाजीत मीठ नसलं तरी खाली मान घालून जेवायचे. चाळीस वर्षं मला वाटत राहिलं की मी सुगरण. मग एकदा माझी थोरली नणंद राहायला आली, पहिल्याच घासाला ताट सरकवून उठली. तुम्ही आजोबांना उठवून नणंदेला बसवलंय. आता घरभर शोधत बसा, कुठल्या भांड्यात काय कमी आहे ते. नणंद सांगायची नाही. ती सरळ उठून जायची.

(हा दाखला तांत्रिकदृष्ट्या ग्राह्य आहे की नाही ते तू बघ. वकीलबाई.)

माझ्यापुढे बिघाड म्हणतेस. माझ्यापुढे म्हणजे बाईंची इमारत, मग किराणावाला, मग पूल. बाईंना मी तोंडावर विचारलं, तुमची गाडी आली होती ना? तर म्हणाल्या, "प्रस्तुत पत्रव्यवहाराशी याचा संबंध नाही." म्हटलं, अहो, हो का नाही सांगा. तर म्हणाल्या, हो.

(माझं व्यवस्थित चाललं आहे. काळजी नसावी.)

लांबू येतो. मंगळवारी आला, शुक्रवारी आला. त्याने मला एक गोष्ट सांगितली आहे. काय ते सांगणार नाही, त्याने गळ्याची शपथ घातली आहे, आणि तेवढा लांब गळा फुकट जायला नको. तुझ्या कामाची नाहीच ती.

मंडळाच्या अध्यक्षांना मी ओळखते. त्यांचा पण गुडघा आहे. पण ते स्वतःच्या मोटारीतून येतात, म्हणून पट्टा ओढताना जरा जास्तच हळहळतात. तू घाबरू नकोस. जेव. बारीक झाली असशील.

(ओळ जराशी तिरकी गेली आहे. टेबल हलतं.)

तुझी आजी

२१ फेब्रुवारी

प्रिय आजी,

थोडं उलगडलं आणि मी जास्तच गोंधळले.

तक्रारींची फाइल कोरी का होती माहितेय? नव्या सर्व्हरला तिथे लिहायची परवानगीच नव्हती. बिचारा रोज ओरडत होता, पण त्याच्या तोंडावर बोट. आणि मी कोरी फाइल बघून म्हणत होते, वा, चूकच नाही. ती परवानगी दिली, आणि आज शुक्रवारी पहिल्यांदा तक्रार उमटली. स्क्रिप्ट वयापाशी थांबते आहे. कुणाची तरी जन्मतारीख तिला वाचता येत नाही, आणि तिथेच ती बसकण मारते, पुढच्या दाराला जातच नाही. कुणाची, ते मात्र लिहिलेलं नाही. मीच सात वर्षांपूर्वी ते लिहायची सोय केली नव्हती.

मी मंडळाच्या कचेरीतल्या बाईंना फोन केला. म्हटलं, मंगळवार शुक्रवारवाल्या लोकांमध्ये किराणावाल्यापासून पुलापलीकडे सगळ्यांच्या जन्मतारखा तपासा. त्यांनी एकेक तपासली. सगळ्या ठीक. मी म्हटलं, पुन्हा बघा. पुन्हा ठीक. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "ताई, या लोकांचा जन्म झालाय, माझा शब्द आहे." वकीलबाईंची इमारतही तपासून घेतली. त्यांची तारीख तर वारासकट आहे.

म्हणजे चूक वयात आहे आणि वयं सगळी बरोबर आहेत. मी आता भिंतीशी बोलते.

वकीलबाई, एक विचारू का? तुमच्या गेल्या पत्रात ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, दोन ठिकाणी तर मला लागलंच नाही. एरवी तुमचं अक्षर छापल्यासारखं असतं. घाईत होता का? का माझ्यावर रागावलात? तुमची गाडी चुकली असेल तर मला खरं सांगा.

तुझा
भुंगा

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भुंग्या,

हे अक्षर लांबूचं आहे. दचकू नकोस, माणूस बरा आहे. गाडी खाली उभी आहे, आत दोन गुडघे आणि एक कंबर बसलेत, तेव्हा भराभर सांगते. लिहून झालं की लांबू याचा फोटो काढून तुला धाडणार आहे, म्हणजे आजच पोचेल.

(नमस्कार ताई. मी नको म्हणत होतो.)

तू नको म्हणत होतास ते लिहिलंस, आता मी सांगते ते लिही. तुझं मागचं पत्र बाईंनी मला वाचून दाखवलं, पण शेवटाला आवाज पडला आणि एकदम "तुझा भुंगा" आलं. मी कागदाकडे बघत होते. खाली अजून बरीच शाई उरली होती. पत्र ठेवून घेतलं आणि आज लांबूकडून पुन्हा वाचून घेतलं. तर मध्ये तू त्यांना विचारलंयस की रागावलात का. ते त्यांनी गाळलं.

मला अक्षर येत नाही, पण डोळे आहेत. मागच्या वेळी त्या लिहीत होत्या तेव्हा मी बघत होते. एका ओळीवर दुसरी चढत होती, पत्र्यावर पावसात मांजरं चढावी तशी. टेबल हलतं म्हणाल्या. टेबल माझं आहे, ते चाळीस वर्षांत हललेलं नाही.

परवा त्यांच्याकडे गेले. चहा गाळला तो कपाच्या शेजारी. मग म्हटलं, बाई, तुमच्या घड्याळात किती वाजले हो? भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही, मलाच म्हणाल्या, "तुम्हाला कुठे जायचंय?" तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. मग बोलल्या. डोळ्यांची गाडी आलीच नाही. दोन मंगळवार पिशवी घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. भाड्याच्या गाडीने जायचं तर समोरची पायरी दिसत नाही, आणि कुणाला बरोबर चला म्हणायचं नाही, हा वकिली कणा. मी म्हटलं, अहो, मंडळाला कळवायचं होतं! तर म्हणाल्या, "ते तक्रारी मोजत आहेत. माझी तक्रार तुमच्या नातीच्या विरुद्ध गेली असती."

ऐक. सुईला उशीर झाला तर जेवढं दिसायचं जातं तेवढं परत येत नाही, असं त्यांच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. एका डोळ्याने त्यांना मधोमध नुसता धूर दिसतो.

म्हणून माझं काम असं आहे. तुझ्या स्क्रिप्टचं व्हायचं तेव्हा होऊ दे. लांबूला मंडळाकडून तेवढी परवानगी मिळवून दे, की मला नेतो तसं बाईंनाही फोनवर नाव नसताना न्यावं.

(आजी, हे लिहू का? लिहू? बरं.)

लिही. कारण माझं नाव पण त्याच्या फोनवर जानेवारीपासून येत नाही. हीच ती शपथेची गोष्ट. तो आपला सवयीने येतो. मंगळवार उजाडला की चाक आपोआप आमच्या गल्लीत वळतं म्हणतो. नाव नसलेलं माणूस गाडीत घेतलं हे मंडळाला कळलं तर त्याला घरी बसवतील. त्याच्यामागे खाणारी तोंडं आहेत. इतके दिवस मी गप्प होते ती त्याच्यासाठी. पण डोळे गेले तर बाईंच्या हातात काय राहील, सांग. म्हणून शपथ मोडली, आणि ती मोडताना त्याच्याच हाताने लिहून घेतली, म्हणजे पाप वाटून गेलं.

(ताई, कंबर खालून हाका मारतेय. माझं नाव कुठे घेऊ नका, एवढी विनंती. लांबू.)

तुझी आजी

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ

आजी!

तू आहेस ती! तू!

लांबूदादा, हे सगळं आजीला वाचून दाखवा, आणि काही गाळू नका.

तुझी गाडी येते म्हणून मी तुला बिघाडातून वगळलं. दोन आठवडे पुलापलीकडच्या सभ्य लोकांचे जन्म तपासत बसले. आणि नाव तुझंच येत नव्हतं. स्क्रिप्ट तुझ्याच दारात येऊन बसत होती. तू मंगळवारी आणि शुक्रवारी जातेस, म्हणून ती मंगळवारी आणि शुक्रवारीच बसायची. आणि तुझ्या पुढची दारं, वकीलबाईंपासून सगळी, तिने बघितलीच नाहीत.

आठवतं तुला? या वेबसाइटवर पहिलं नाव मी तुझं घातलं. जन्मतारीख विचारली. तू म्हणालीस, पूर आला त्या वर्षी. मग म्हणालीस, छे, पूर मावशीच्या वेळचा, माझ्या वेळी विहीर आटली होती. मग म्हणालीस, "मोकळं सोड. कुणी विचारलं तर मी बघून घेईन." मी मोकळं सोडलं. जुन्या सॉफ्टवेअरने मोकळी जागा बघितली, काहीतरी मानून घेतलं आणि पुढे गेलं. नव्याने विचारलं. आणि उत्तर द्यायला तू तिथे नव्हतीस.

वाचता वाचताच मी कचेरीत फोन लावला. म्हटलं, आता आजीची तारीख बघा. त्या बाईंनी तुझी नोंद उघडली. मग म्हणाल्या, "ताई, हिचा मात्र जन्म झालेला नाही."

घाईत त्यांना आजचीच तारीख टाकायला लावली आहे, नीट दुरुस्ती मी पुढच्या आठवड्यात करते. स्क्रिप्ट लगेच चालवून बघितली. शेवटच्या दारापर्यंत गेली. डोळ्यांच्या दवाखान्यालाही फोन केला. वकीलबाईंना येत्या शुक्रवारी, अठ्ठावीसला, सकाळी पहिल्यांदा घेतील. गाडी येईल. लांबूदादांचं नाव कुठेही घेतलेलं नाही. चूक माझी होती, ती माझ्या नावावर कळवली.

वकीलबाईंना सांग, माझ्या विरुद्धची तक्रार मला हवी होती.

भुंगा

५ मार्च

भुंग्या,

वकीलबाई लिहीत आहेत. बघ, पुन्हा "सदर" यायला लागले असतील.

शुक्रवारी सकाळी दोन गाड्या लागोपाठ आल्या. लांबूच्या गाडीचं दार उघडलं तर पुढे तान्ह्या बाळाची सीट बांधलेली, वर लोंबणारं चिमणीचं खेळणं. लांबू म्हणाला, "आजी, फोनवर आलंय, प्रवासी एक, वय शून्य, दुपट्यातून आणावे." इतके दिवस माझं नाव नव्हतं, आलं ते असं. मी बसून बघितलं. पट्टा लागत नाही. चिमणी बरी आहे.

पण मी त्या गाडीतून गेलेच नाही. गुडघ्याला सुट्टी दिली आणि बाईंच्या गाडीत चढले. त्या म्हणाल्या, तुमचं नाव या गाडीत नाही. म्हटलं, मला सवय आहे.

सुई झाली. डॉक्टर पोरसवदा आहेत, पण रागावले म्हाताऱ्यासारखे. बाई एकदाही "सदर" म्हणाल्या नाहीत, नुसत्या हं हं करत होत्या. एक डोळा ठीक राहील म्हणतात. दुसऱ्यातला धूर विरळ होईल की तसाच राहील, ते आणखी दोनतीन सुयांनी कळेल. आत्ता कुणी काही सांगू शकत नाही.

(डॉक्टरांनी "शक्यता नाकारता येत नाही" असं म्हटलं आहे. हे वाक्य मी आयुष्यभर अशिलांना ऐकवलं. ऐकायला कसं लागतं ते प्रथमच कळलं. तुझ्याविरुद्धची तक्रार सोबतच्या कागदावर लिहून पाठवत आहे, तू मागितलीस म्हणून. वकीलबाई.)

मंडळाच्या अध्यक्षांनी गाड्या चालू ठेवल्यात. काल पट्टा ओढताना मला म्हणाले, तुमच्यामुळे सगळा घोळ झाला म्हणे? मी म्हटलं, हो, जन्मले नव्हते ना.

आता तुझ्या नीट दुरुस्तीचं. माझ्यासाठी कुठलीतरी तारीख शोधून बसवू नकोस. पूर माझा नाही, विहिरीचीही आता खात्री वाटत नाही. तुझ्या त्या नणंदेला एवढं शिकव, की या बाईला माहीत नाही, तरी तिला गाडीत घे आणि पुढच्या दाराला जा.

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. बाईंना कागदाची कड दिसते, मधलं नीट दिसत नाही, ओळ कुठे संपली आणि पुढची कुठे सुरू करायची ते सापडत नाही. तेव्हा आम्ही असं करतो. मी शेजारी बसून बोलते, त्या लिहितात. ओळ कडेला आली की मी त्यांचं मनगट धरते आणि खालच्या ओळीच्या तोंडाशी आणून ठेवते. अक्षरात काय आहे ते मला अजूनही कळत नाही. पण ते कुठे पडतं, ते आता माझ्या हातात आहे.

तुझी आजी